आधी ‘वाचलो’ म्हणा

ठाण्याला लावायचं कुलूप पिशवीत घालून साहेब आले, तेव्हा थोरल्या बाई पाहुण्यांशी भांडत होत्या. विषय नेहमीचाच होता.

“चहा गार झाला म्हणता? बुडत होतात तेव्हा पाणी गार लागलं नाही?”

“बुडत नव्हतो, वहिनी. पोहत होतो.”

“हो तर! म्हणूनच आमच्या ह्यांच्या हाताला चावलात. पोहणारी माणसं रोज कुणाला ना कुणाला चावतच असतात.”

पाहुणे घोंगडी सावरून भिंतीकडे तोंड करून बसले. हे इतक्या वर्षांत इतक्यांदा झालं होतं, की शेगडीजवळ झोपलेलं मांजरसुद्धा डोळा उघडत नसे.

ठाणं म्हणजे पोलिसांचं नव्हे. समुद्रात बुडणाऱ्यांना बाहेर काढायचं ठाणं. खाली मोठी खोली. तिला होडी निघेल एवढं रुंद दार, दाराला दगडी उंबरा, उंबऱ्याच्या वर पितळी घंटा. आत शेगडी, लांब बाक, खुंटीला घोंगड्या. वर दोन खोल्यांत राखणदाराचं बिऱ्हाड. चार पिढ्या हे काम बाईंच्या सासरी होतं. लोकांच्या घरात जमीन असते, दागिने असतात. ह्यांच्या घरात बुडणारी माणसं होती. ज्याचं त्याचं नशीब.

पहिले राखणदार म्हणजे बाईंचे आजेसासरे. त्यांना पोहता येत नव्हतं. पाण्याची इतकी भीती, की तोंड धुतानासुद्धा बायकोला शेजारी उभं करत. पण आवाज असा, की पलीकडच्या डोंगराला ठेच लागावी. कुणी बुडायला लागलं की ते किनाऱ्यावर उभे राहून त्याला शिव्या घालायचे. “हात मार, आळशा! उजवा! उजवा म्हणजे काय ते शिकवलं नाही का तुझ्या बापानं? अरे म्हशीलासुद्धा पोहता येतं!” बुडणारा माणूस रागानं लाल व्हायचा आणि ह्या म्हाताऱ्याचं थोबाड फोडायचंच, या एका जिद्दीनं हात मारत मारत काठाला यायचा. असे त्यांनी पुष्कळ वाचवले. मारही पुष्कळ खाल्ला.

त्यांच्याच काळात एक टोपीवाला झाला. त्याला बाहेर काढला, कोरडा केला, चहा पाजला. मग त्याला टोपीची आठवण झाली. टोपी पाण्यातच राहिली होती. तो गेला आणायला आणि बुडाला तो बुडालाच. खापर फुटलं राखणदारावर. तेव्हा आजेसासऱ्यांनी भिंतीवर काळ्या अक्षरांत नियम लिहून घेतला. वाचलेल्या माणसानं उंबऱ्यावर उभं राहून आपल्या तोंडानं तीनदा ‘वाचलो’ म्हणायचं. मग घंटा वाजवायची. मग तो आणि त्याची टोपी काय वाटेल ते करोत. घंटा होईपर्यंत मात्र सुटका चालू आहे असं समजायचं, आणि सुटका चालू असताना वाचलेल्यानं ठाणं सोडायचं नाही, ठाण्यानं वाचलेल्याला सोडायचं नाही.

दुसरे राखणदार म्हणजे सासरे. हा गडी माशासारखा पोहायचा. पण त्यांना काढायचं काय आणि सोडायचं काय, हे कळत नसे. पाण्यात जे दिसेल ते काढायचे. एकदा बकरी काढली. तिला उंबऱ्यावर उभी केली, ती तीनदा ओरडली, ते धरलं. एकदा कुठल्या तरी फुटलेल्या जहाजावरचं लाकडी कपाट काढलं. कपाट काही बोलेना. ते तसंच आत आणून ठेवलं, ते आजही खोलीच्या कोपऱ्यात होतं. त्यात कुणी काही ठेवत नसे. ज्याची सुटका पुरी झाली नाही त्याच्यात चादरी कशा कोंबायच्या?

तिसरे राखणदार म्हणजे बाईंचे मालक, थोरले. माणूस देखणा, सरळ, कामाला वाघ. पण नशीब पाहा. त्यांनी ठाणं हाती घेतलं आणि पलीकडे नवीन बंदराची भिंत उभी राहिली. प्रवाह फिरला, वाळू इकडे येऊन संसार थाटून बसली, आणि समुद्र रुसलेल्या जावयासारखा मागे मागे सरकत गेला. वाळूवर गवत उगवलं, गवतावर घरं उगवली, घरांमधून रस्ता झाला, रस्त्यावर सायकली दुरुस्त करणारा येऊन बसला. थोरले रोज सकाळी दुर्बीण लावून गच्चीत उभे राहायचे, तर त्यांना लोकांचे वाळत घातलेले लेंगे दिसायचे. लोक त्यांना ‘कोरडा राखणदार’ म्हणायला लागले. बाईंनी त्यापायी तीन घरांशी बोलणं टाकलं.

खोलीत एक लांब काळी फळी होती. तिच्यावर राखणदारांचे फोटो, आणि ज्यानं जेवढे जीव वाचवले तेवढी लाल कडी त्याच्या फोटोखाली तेलरंगानं काढलेली. आजेसासऱ्यांच्या खाली कड्यांची दाटी. सासऱ्यांच्या खाली रांगाच रांगा, त्यात बकरीचं थोडं लहान. थोरल्यांच्या खाली फळी नुसती काळी. बाई सकाळी फोटो पुसायच्या तेव्हा त्या काळ्या जागेवर फडकं जरा जास्तच जोरात फिरायचं.

आणि मग एका संध्याकाळी थोरल्यांना दुर्बिणीतून, लेंग्यांच्या पलीकडे, पाण्यात एक डोकं दिसलं. थोरले जिने उतरलेच नाहीत, घसरले. होडी चाकांच्या गाड्यावर घालून रस्त्यातून पळवत नेली आणि तासाभरानं एका भिजलेल्या, चिडलेल्या माणसाला घेऊन परत आले. हाताला दातांचे ठसे होते. तोंडावर असं हसू होतं, की लग्नातसुद्धा बाईंनी ते पाहिलं नव्हतं.

“बाहेर ये गं! बघ कोण आणलाय!” ते ओरडले.

तो माणूस म्हणजेच हे पाहुणे. उंबऱ्यावर उभं केल्यावर ते म्हणाले, “मी का म्हणू? मी बुडत नव्हतो. मी पोहत होतो.”

थोरले म्हणाले, “नुसतं म्हणा हो. एका शब्दाचा प्रश्न आहे.”

“खोटं बोलणार नाही.”

“मग मी सोडणार नाही.”

“नका सोडू. मी नियमाविरुद्धही जाणार नाही.”

झालं. दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की तिसऱ्यानं स्वयंपाकाला लागावं. बाईंनी बटाटे वाढवले.

पाहुण्यांची बायको सुरुवातीला दर आठवड्याला यायची. तिनं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. “घरीसुद्धा असंच,” ती म्हणाली. “एकदा जिन्यावरून गडगडत खाली आले. हात मोडला. तर म्हणे मी उतरत होतो.” मग तिनं त्यांची गादी पाठवली, चष्मा पाठवला, पुढे पुढे फाटकातूनच “बरे आहेत ना?” विचारून ती परतू लागली. तब्येत सुधारली होती तिची.

थोरले आणि पाहुणे रोज पत्ते खेळायचे. रोज पानं वाटताना थोरले म्हणायचे, “बुडत होतात.” पाहुणे म्हणायचे, “पोहत होतो. हुकूम काय?” असं करता करता एका हिवाळ्यात थोरले छातीच्या दुखण्यानं गेले. फळीवर त्यांच्या फोटोखाली एकच कडं होतं, खडूचं. घंटा झाल्याशिवाय तेलरंग लावायचा नाही, हाही नियमच. खडू दमट हवेनं पुसट व्हायचा, आणि बाई पाहुण्यांच्या देखत स्टुलावर चढून तो पुन्हा गडद करायच्या.

“किती झिजवाल तो खडू, वहिनी!”

“तुमची जीभ झिजत नाही म्हणून खडू झिजतोय.”

लाल रंगाचा डबा बाईंनी कपाटाच्या वर ठेवला होता. कपाटात नव्हे, वर. रंग आळू नये म्हणून त्या विणायच्या सुईनं तो ढवळायच्या. एक डबा घट्ट झाला की दुसरा आणायच्या. इतका लाल रंग नुसता ढवळून वाया घालवणारं दुसरं घर सबंध किनाऱ्यावर नसेल.

तर अशा घरात साहेब आले. अंगात कडक शर्ट, हातात लोखंडी टोकाची मोजायची काठी, पिशवीत कुलूप.

“आजी, मी मुख्य कचेरीतून आलोय.”

“तुमची आजी तुमच्या घरी असेल. मला बाई म्हणतात. बसा. त्या टोकाला नको, तिथे मांजर आहे.”

“बसायला वेळ नाही. हे ठाणं आजपासून बंद. समुद्र इथून गेलेला आहे, हे कचेरीच्या लक्षात आलं आहे.”

“आलं का? छान. हळूहळू येतंच लक्षात.” बाईंनी बटाट्याची पाटी मांडीवर ओढली. “लावा कुलूप. फक्त सुटका चालू आहे तेवढी संपली की लावा.”

“सुटका? कुठे चालू आहे?”

बाईंनी सुरीचं टोक बाकाकडे केलं. पाहुणे घोंगडीतून मान बाहेर काढून म्हणाले, “नमस्कार.”

साहेबांनी भिंतीवरचा नियम वाचला. दोनदा वाचला. हा माणूस नियमातला निघाला. नियम दिसला की त्याच्या चेहऱ्यावर, भुकेल्याला ताट दिसावं तसं तेज आलं. “सुटका चालू असताना ठाणं बंद करता येणार नाही,” तो स्वतःशीच म्हणाला. “बरोबर आहे. अगदी बरोबर आहे.” मग त्याची नजर कपाटावर गेली. कपाटाची हकीकत ऐकून त्यानं थोडा विचार केला आणि निकाल दिला, “निर्जीव वस्तू धरायची नाही. कपाट वगळा.” इतक्या वर्षांचं कपाटाचं भिजतं घोंगडं एका वाक्यात वाळलं. बाईंना वाटलं, हा माणूस अगदीच टाकाऊ नाही.

“पण हे गृहस्थ तर केव्हाचे कोरडे आहेत,” साहेब म्हणाले. “अहो, म्हणून टाका ना वाचलो. सगळेच सुटू.”

“मी पोहत होतो.”

“मग तसं धरू. सुटका झालीच नाही. रद्द. फळी मी कचेरीत नेतोय, सगळ्या ठाण्यांच्या फळ्या तिथे दालनात लागणार आहेत. तेलरंगाचं राहील, खडूचं ओल्या फडक्यानं पुसून घेऊ.”

बाईंच्या हातातला बटाटा पाटीत पडला.

एवढ्यात मुलगा आला. हा चौथा राखणदार. गुणी पोरगा, पण बादलीतलं पाणी हललं तरी त्याला मळमळायचं. त्यानं आईला जिन्याखाली ओढलं. “आई, लागू दे ना कुलूप. शहरात खोली मिळतेय आपल्याला. लिफ्ट आहे.”

“लिफ्टनं कुठे जायचं? वर? वर तुझे वडील भेटतील. त्यांना काय सांगू? की तुमचं एकुलतं एक कडं फडक्यानं पुसलं आणि मी लिफ्टमध्ये बसले?”

“मग काय करायचं म्हणतेस?”

“ते कडं लाल झालं पाहिजे. मग ह्या घराला कुलूप लावा नाहीतर कोंबड्या पाळा.”

कोंबड्या तशा पाळलेल्या होत्याच. सूनबाईंनी होडीत पाळल्या होत्या. ही सूनबाई म्हणजे हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी आणि बाईंच्या मते कामाला त्याहून कमी. होडीत कोंबड्या, वाचवायची रिंग रांजणाखाली, रांजण डुगडुगू नये म्हणून, आणि वाचवायचा लांबच लांब दोर अंगणात कपडे वाळत घालायला. “वापरात राहिलं की टिकतं,” असं ती म्हणायची. बाई म्हणायच्या, “तुझ्या नवऱ्यालाही असंच कुठेतरी वापर.”

पुराव्याशिवाय सुटका रद्द करणं नियमात बसत नाही, हे साहेबांना खुपत होतं. त्यांनी मधे काठी आपटली. “उपाय सापडला. ह्यांनी पोहून दाखवायचं. पोहता आलं तर ते तेव्हाही पोहतच होते, सुटका रद्द. बुडायला लागले तर तेव्हाही बुडतच होते, सुटका पक्की. पुढचं तोंडानं म्हणणं मग काय, उपचार.”

“आणि बुडलेच तर?” सूनबाईंनी विचारलं.

“तर प्रश्नच मिटला.”

पाहुण्यांचा चेहरा जुन्या चादरीसारखा झाला. आणि खरं सांगायचं तर बाईंनाही खात्री नव्हती. इतकी वर्षं ‘बुडत होतात’ म्हणून त्यांनी घसा कोरडा केला. पण त्या संध्याकाळी त्या पाण्याजवळ नव्हत्याच. त्या वर कांदा चिरत होत्या. कधी कधी पाहुणे आंघोळीला बसले की बादलीत हात असे काही झोकात मारायचे, की बाहेर बाई आतल्या आत चरकायच्या. हा माणूस खरंच पोहत असेल तर? तर थोरल्यांनी जन्मभरात एकदाच होडी काढली आणि एका पोहणाऱ्या माणसाला ओढून आणून घरात बसवलं. मग ‘कोरडा राखणदार’ म्हणणाऱ्या त्या तीन घरांशी बोलणं सुरू करावं लागेल.

पण माघार घेतील त्या बाई कसल्या! “चला तर,” त्या उठल्या. “होऊन जाऊ दे. दूध का दूध, पाणी का पाणी.”

“आत्ता?” पाहुणे म्हणाले. “जेवणानंतर बघू. भरल्या पोटी पोहू नये म्हणतात.”

“तुमचं पोट रिकामंच आहे.”

“रिकाम्या पोटीही नये.”

होडी काढायची तर कोंबड्या उतरेनात. मग नुसती रिंग आणि दोर घ्यायचं ठरलं. रांजणाखालची रिंग काढल्यावर रांजण कलंडला आणि अंगणात जेवढं पाणी झालं, तेवढं त्या ठाण्यानं कित्येक वर्षांत जवळून पाहिलं नव्हतं. मुलाला तिथेच मळमळलं. दोर सोडायचा तर त्या दिवशी धुणं पडलेलं. चिमटे काढत बसायला साहेबांना वेळ नव्हता. शेवटी सूनबाईंनी दोर कपड्यांसकट गुंडाळून खांद्यावर टाकला.

राखणदार बरोबर आहे, तेव्हा ठाणं सोडलं असं धरायचं नाही, असा साहेबांनी निकाल दिला आणि अशी ती वरात रस्त्यानं निघाली. पुढे साहेब काठी टेकत, मागे घोंगडी पांघरलेले पाहुणे, त्यांच्यामागे सूनबाई, तिच्या खांद्यावरून उशांचे अभ्रे लोंबतायत, मग तोंडाला रुमाल लावलेला मुलगा, आणि सगळ्यांच्या मागे बाई, कुणी पळून जाऊ नये म्हणून.

सायकलवाला पंक्चर काढता काढता म्हणाला, “काय बाई, कोण बुडालं?”

“अजून कुणी नाही. येतोस?”

“नको बुवा. गिऱ्हाईक आहे.”

पाहुणे सगळं डोळे फाडून बघत होते. ते आले तेव्हा इथे रस्ता होता, पण एवढी घरं नव्हती. “वहिनी, हे पिवळं घर कधी झालं?” “तुम्ही पोहत होतात तेव्हा.” पुढे समुद्र आला. ओहोटी होती. पाणी शहाण्यासारखं चकचकत पडलं होतं.

पाहुण्यांनी घोंगडी काढून घडी केली, चष्मा काढून घडीवर ठेवला आणि पाण्यात गेले. घोट्यापर्यंत गेले. गुडघ्यापर्यंत गेले. आणि थांबले.

ते थांबले ते थांबलेच. वाकावं, हात पुढे करावेत, काही नाही. नुसते शेतातल्या बुजगावण्यासारखे उभे. बाई काठावर उभ्या होत्या. त्यांच्या तोंडात एक फर्मास टोमणा तयार होता, पण तो बाहेर येईना.

“अहो, सुरू करा!” साहेब ओरडले.

“पाणी कमी आहे,” पाहुणे म्हणाले.

“कमी? कमी कसं? मोजून सांगतो.” साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि काठी पुढे टोचत टोचत ते पाहुण्यांच्याही पुढे गेले. “इथे गुडघाभर... इथे मांडीभर... पुढे गेलात तर भरपूर...”

ओहोटीचं पाणी परत जाताना वाळूत खोल चर पाडतं, हे किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही जाणतं. साहेब शहरातले. काठी गेली, काठीमागून साहेब गेले. एक डोकं वर आलं. दोन हात वर आले. तोंड आभाळाकडे वासलेलं, त्यातून पाण्याबरोबर शब्द बाहेर पडले, “मी बुडत नाहीये! खोली मोजतोय!” आणि डोकं परत आत.

“दोर! दोर टाक!” बाई ओरडल्या. “उभी काय राहिलीस, तुझी कोंबडी आहे का ती?”

सूनबाईंनी घाई केली नाही. कोंबड्यांना दाणे फेकायचा रोजचा हात होता. तिनं दोराला बांधलेली रिंग उचलली, कमरेत वळली आणि फेकली. रिंग साहेबांच्या गळ्यात माळ पडावी तशी पडली. मागून सरसरत दोर गेला, दोराला चिमट्यांनी धरलेले चार अभ्रे, दोन टॉवेल आणि बाईंचा स्वतःचा फुलाफुलांचा झगा गेला.

“खोली मोजतोय!” साहेब पुन्हा वर आले. “माझं काम... चालू... सोडा!”

पाहुणे गुडघाभर पाण्यात तसेच उभे होते. त्यांचा चेहरा मात्र बदलला होता. चष्मा नसताना माणूस कान टवकारतो तसे ते ऐकत होते.

“वहिनी,” ते मागे न बघता म्हणाले. “मी काय ओरडत होतो हो तेव्हा?”

बाईंनी टोमणा गिळला. “मी नव्हते तिथे,” त्या म्हणाल्या. “हे सांगायचे. ‘पोहू द्या, पोहू द्या’ म्हणत होतात. मधे मधे पाणी पीत होतात.”

“असाच दिसत होतो?”

“ते मला काय विचारता? डोळे तुम्हालाही आहेत.”

 पाहुणे वळले, दोर मधेच धरला आणि ओढायला लागले. मुलानं डोळे मिटून मागून ओढलं. बाईंनीही बाह्या सावरून आपला झगा ओढला. सूनबाई पुढे झाली आणि साहेबांची कॉलर धरून त्यांना वाळूवर घेणार, तोच साहेब तिच्या मनगटाला कडकडून चावले.

“आई गं!”

“चावला!” बाईंनी टाळीच वाजवली. “बघा, चावला! दाखव हात. अगदी तसेच. हुबेहूब ह्यांच्या हातावर होते तसे!”

सून बिचारी कळवळत होती आणि सासू तिचा हात सगळ्यांना लग्नातल्या बांगडीसारखा दाखवत होती. पाहुण्यांनी चष्मा लावून ते दात नीट पाहिले. मग घोंगडी उचलून साहेबांच्या अंगावर घातली.

परतीच्या वाटेवर सगळे पुन्हा सायकलवाल्यासमोरून गेले. त्यानं एवढंच विचारलं, “बुडायला गेले होते ते कोरडे आणि साहेब ओले, असं कसं?” बाईंनी त्याला उत्तर दिलं नाही, म्हणजे काहीतरी मोठं घडलं असणार, हे त्यानं ओळखलं.

ठाण्याच्या उंबऱ्यावर पाहुणे थांबले. साहेबांना आत शेगडीजवळ बसवून मुलगा आणि सून मागे उभे राहिले. बाईंनी घंटेचा दोर हातात घेतला. घेतला म्हणजे नुसता धरला; घंटा आधीच वाजली तर नियम मोडेल, म्हणून दुसऱ्या हातानं त्यांनी तो हात दाबून धरला.

“वाचलो,” पाहुणे म्हणाले. आवाज घोगरा होता, गंजलेल्या बिजागरीसारखा.

“एक,” मुलगा म्हणाला.

“वाचलो.”

तिसऱ्या वेळेला ते अडले. फळीकडे बघत म्हणाले, “तो पत्ते वाटताना रोज सांगायचा हो. आणि मी हुकूम विचारायचो.”

“ते मी ऐकलेलं आहे,” बाई म्हणाल्या. “नियमात बसत नाही. तिसरं म्हणा.”

“वाचलो!”

बाईंनी घंटा अशी ओढली, की होडीतल्या कोंबड्या उडून कपाटावर बसल्या. मग त्यांनी तिथूनच लाल रंगाचा डबा काढला, एका कोंबडीला बाजूला सारून, आणि स्टुलावर चढल्या. खडूच्या रेघेवरून ब्रश फिरला. नवीन डब्यातला रंग थोडा पातळ होता. कड्याच्या खालून एक ओघळ फळीच्या काठापर्यंत आला.

“आई, पुसू का?” सूनबाईंनी विचारलं.

“हात लावशील तर बघ.” बाई खाली उतरल्या, चार पावलं मागे गेल्या, मान तिरकी करून बघितलं. डोळ्यांत रंगाचा वास गेला होता, त्यामुळे त्यांना ते पुसावे लागले. “हं. आता लावा म्हणावं कुलूप.”

मुलगा साहेबांकडे वळला. त्याला लिफ्ट दिसायला लागली होती. “साहेब, सुटका पुरी झाली. कुलूप?”

“ह्यांची झाली,” साहेब घोंगडीतून म्हणाले. दात वाजत होते. “पण आता माझी चालू आहे, असं हा नियम म्हणतो.”

“मग या ना उंबऱ्यावर. तीनदा म्हणायचं की मोकळे.”

साहेबांनी भिंतीवरचा नियम पुन्हा वाचला. मग मान ताठ केली. “मी का म्हणू? मी बुडत नव्हतो. मी खोली मोजत होतो.”

मुलगा जिन्यावर मटकन बसला.

बाईंनी काही वाद घातला नाही. त्यांनी अजून एक घोंगडी आणून साहेबांच्या गुडघ्यावर टाकली, पिशवीतलं कुलूप काढून हातावर तोललं आणि अंगणातला कलंडलेला रांजण उभा करून त्याच्याखाली, रिंगेच्या जागी सरकवून दिलं. रांजण डुगडुगायचा थांबला. मग त्या खडू घेऊन पुन्हा स्टुलावर चढल्या. मुलाच्या फोटोच्या शेजारी मोकळी जागा होती. तिथे त्यांनी एक गोल काढला.

“हे कुणाचं?” सूनबाईंनी विचारलं.

“तुझ्या मनगटाला विचार. उद्या फोटो काढून ये. केस विंचरून जा, आणि तो कोंबड्यांचा एप्रन काढून. आमच्या फळीवर आजवर गबाळं कुणी चढलेलं नाही.”

 रात्रीच्या बटाट्यांत सूनबाईंनी लोणी जरा सढळ हातानं टाकलं, आणि बाईंनी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

पाहुणे मोकळे होते. ते फाटकापर्यंत गेले, पिवळ्या घराकडे बघून आले. कपडे वाळेपर्यंत थांबतो म्हणाले. कपडे गुडघ्याखाली तेवढे ओले होते. बाई म्हणाल्या, “थांबा. त्यांना पत्ते येतात का विचारा.”

ते बाकावर साहेबांच्या समोर बसले, पानं पिसायला घेतली. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“हा चहा गार आहे.”

“का हो?” पाहुणे पानं वाटत म्हणाले. “बुडत होतात तेव्हा पाणी गार लागलं नाही?”